घरातल्या पटापासून पांडवलेण्यांपर्यंत: नाशिककर कुटुंबासाठी सुट्टीची आखणी

महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांत आणि किल्ल्यांवर कातळात खेळाचे पट कोरलेले आहेत आणि आपली पांडवलेणीही त्याला अपवाद नाहीत. कुठे छोट्या खळग्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात, कुठे रेघांची चौकट दिसते, आणि बहुतेक पर्यटक त्यांच्यावर पाय देऊन पुढच्या लेण्याकडे निघून जातात. आदल्या रविवारी घरी आजोबांबरोबर नवकंकरी, म्हणजे चौकटीच्या पटावरचा खड्यांचा खेळ, खेळलेले मूल मात्र तिथे थबकते. सहलीआधी मुलांना इतिहासाची माहिती वाचून दाखवण्यापेक्षा त्यांच्या हाताला एखादा खेळ लावावा, असे माझे मत या अनुभवातूनच बनले आहे. म्हणून पुढील आखणी सुमारे सहा आठवड्यांची आहे: आधी तीन-चार रविवार घरात पट मांडायचा, मग एक सकाळ पांडवलेण्यांसाठी, एक गोदाकाठासाठी आणि जमल्यास एक पूर्ण दिवस अंजनेरी-त्र्यंबकेश्वरसाठी ठेवायचा.

घरातली बैठक

पहिले काम वेळ ठरवण्याचे. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सोयीची वाटते, पण तेव्हा लहान मुले पेंगतात आणि मोठ्यांना सकाळच्या डब्याची काळजी असते. त्यामुळे रविवारी दुपारच्या चहानंतरचे दीड-दोन तास उत्तम. सतरंजी अंथरावी, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी बुटका चौरंग किंवा टीपॉय घ्यावा, आणि सर्वांचे मोबाइल एका टोपलीत घालून ती टोपली दुसऱ्या खोलीत ठेवावी. हा नियम मोठ्यांनाही लागू असावा, कारण वडीलधारी मंडळीच टोपलीकडे उठून जाऊ लागली तर मुलांना सांगण्यात अर्थ उरत नाही. दुसरा नियम असा की एका रविवारी एकच नवा खेळ शिकवावा.

सुरुवात पत्त्यांनी करावी, कारण जोड प्रत्येक घरात असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला बदाम सात लगेच जमते: ज्याच्याकडे बदामाची सत्ती असेल त्याने ती मांडायची, मग प्रत्येकाने आपल्या पाळीला मांडलेल्या रंगात वर अठ्ठी किंवा खाली छक्की लावत जायचे, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची, आणि काहीच लागत नसेल तर पास म्हणायचे. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकतो. सत्ती हातात दाबून ठेवून दुसऱ्याला अडवता येते, हे मुलाला आपण सांगू नये. दोन डाव हरल्यावर ते त्याचे त्यालाच कळते आणि त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर उमटणारे हसू पाहण्यासारखे असते.

दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मेंढीकोट घ्यावा. चौघे, समोरासमोरच्या दोन जोड्या, प्रत्येकी १३ पाने. दहिली म्हणजे मेंढी. ज्या जोडीकडे तीन मेंढ्या येतील तिचा डाव, दोन-दोन झाल्या तर जास्त हात ज्यांचे त्यांचा, आणि चारही मेंढ्या एकीकडे गेल्या तर समोरच्यांवर कोट लागला. जोड्या पाडताना नवरा-बायको आणि भाऊ-बहीण अशा न पाडता आजी-नातू, आई-काका अशा पाडाव्यात. जोडीदाराच्या हातात काय असेल याचा अंदाज बांधत खेळावे लागत असल्याने एरवी एकमेकांशी फारसे न बोलणारी माणसे या खेळात एकमेकांकडे नीट पाहू लागतात. तिघेच असतील तर पाच-तीन-दोन आहे: चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंतची २८ पाने आणि दोन सत्त्या, मिळून ३० पाने, प्रत्येकी दहा.

कॅरमबद्दल थोडेच सांगतो, कारण तो सर्वांना येतो. बोर्ड समपातळीत आहे का, हे मधोमध पाण्याची अर्धी भरलेली बाटली आडवी ठेवून तिच्यातला बुडबुडा कुठे सरकतो त्यावरून पाहावे. पावडर चिमूटभरच टाकावी. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या आणि एक राणी. राणी घेतल्यावर लगेच आपली सोंगटी घेऊन ती पक्की करावी लागते, या एका नियमावरून घरोघरी होणारी भांडणे टाळायची असतील तर तो खेळाआधीच मोठ्याने सांगून टाकावा.

चल्लस-आठ आणि चिंचोके

आता खरा पट. याला काही घरांत चल्लस-आठ म्हणतात, काही ठिकाणी अष्टचंग. फरशीवर खडूने पाच-पाच घरांचा, म्हणजे एकूण २५ घरांचा चौकोन आखावा. चारही बाजूंच्या मधल्या घरात आणि अगदी मध्यभागी फुली मारावी. प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूच्या फुलीतून निघतो, बाहेरच्या १६ घरांतून घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, मग आत वळून आठ घरांच्या आतल्या फेरीत घड्याळाच्या दिशेने जातो आणि शेवटी मधल्या घरात पोचतो. प्रत्येकाला चार सोंगट्या. त्यासाठी वेगवेगळ्या रंगांची बटणे, चणे, शेंगदाणे, काहीही चालते, फक्त खाण्याच्या वस्तू घेतल्या तर खेळ संपेपर्यंत सोंगट्या उरतील याची हमी देता येत नाही.

दान टाकायला चार कवड्या लागतात. जितक्या उताण्या पडतील तितके दान. चारही उताण्या पडल्या तर चार आणि चारही पालथ्या पडल्या तर आठ. चार किंवा आठ पडल्यास पुन्हा दान मिळते. दुसऱ्याची सोंगटी असलेल्या घरात आपली गेली तर ती मारली जाते आणि पुन्हा सुरुवातीपासून निघते; फुलीच्या घरात मात्र कोणाला मारता येत नाही. निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरता येत नाही, असा नियम बहुतेक घरांत आहे आणि तो जरूर पाळावा, कारण तो काढला तर सगळे आपापली फेरी पुरी करून घरी जातात आणि खेळातली गंमत संपते. बारीकसारीक नियम घरागणिक बदलतात. आजीचे माहेर येवल्याचे आणि आईचे माहेर सिन्नरचे असेल तर दोघींचे नियम वेगळे निघण्याची तयारी ठेवावी आणि कोणाचे नियम लावायचे तेही दानावरच ठरवावे.

कवड्या नसतील तर चिंचोके घ्यावेत. चार चिंचोक्यांची एक बाजू खरखरीत दगडावर किंवा कट्ट्याच्या सिमेंटवर घासत राहिले की काळपट साल जाऊन पांढरा गर दिसतो. पांढरी बाजू वर म्हणजे उताणे. हे काम मुलांकडेच द्यावे, अर्धा तास निवांत जातो.

आठवी-नववीतले मूल घरात असेल तर त्याला एक गणित घालावे. उताणे आणि पालथे पडण्याची शक्यता अगदी सारखी धरली तर चार कवड्यांचे १६ प्रकार होतात: आठचे दान १६ पैकी एकदा, चारचे एकदा, एकचे चारदा, तीनचे चारदा आणि दोनचे सहा वेळा पडायला हवे. मग १०० दाने टाकून वहीत नोंदी कराव्यात. प्रत्यक्षातले आकडे या हिशेबाशी तंतोतंत जुळत नाहीत, कारण कवडीची पाठ फुगीर आणि पोट सपाट असते, नाणे असते तशी ती दोन्ही बाजूंनी सारखी नसते. घासलेल्या चिंचोक्यांचे आकडे आणखी वेगळे येतात.

नवकंकरी

तिसऱ्या किंवा चौथ्या रविवारी नवकंकरी शिकवावी. हा दोघांचा खेळ असून यात दानाचा, म्हणजे नशिबाचा, काहीच भाग नाही. पुठ्ठ्यावर एकात एक असे तीन चौकोन काढावेत आणि चारही बाजूंचे मध्यबिंदू बाहेरच्या चौकोनापासून आतल्या चौकोनापर्यंत सरळ रेघेने जोडावेत. कोपरे आणि मध्यबिंदू मिळून २४ जागा होतात. काही पटांवर कोपरेही तिरक्या रेघांनी जोडलेले असतात, पण शिकताना ते टाळावे.

प्रत्येकाला नऊ खडे. पहिल्या टप्प्यात दोघांनी आळीपाळीने एकेक खडा रिकाम्या जागी ठेवायचा. सरळ रेघेत आपले तीन खडे लागले की समोरच्याचा एक खडा उचलायचा. मात्र ज्या खड्यांची तीनची ओळ पुरी झालेली आहे त्यातला खडा, दुसरा उपलब्ध असेपर्यंत, उचलता येत नाही. सगळे खडे मांडून झाले की दुसरा टप्पा सुरू होतो आणि प्रत्येक पाळीला एक खडा रेघेवरून शेजारच्या रिकाम्या जागी सरकवायचा. ज्याच्याकडे दोनच खडे उरतील किंवा ज्याला एकही खडा हलवता येणार नाही तो हरला.

नवशिक्या खेळाडूंचा हात आधी कोपऱ्यांकडे जातो आणि तिथेच त्यांचे चुकते. कोपऱ्यातला खडा दोनच दिशांना सरकू शकतो, बाहेरच्या आणि आतल्या चौकोनांच्या मध्यबिंदूंवरून तीन वाटा निघतात आणि मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंवरून चार. त्यामुळे पहिले दोन-तीन खडे मधल्या चौकोनाच्या मध्यबिंदूंवर ठेवणाऱ्याचा पुढे कोंडमारा होत नाही. दुसरी युक्ती अशी की दोन ओळी अशा रचायच्या की एकच खडा इकडून तिकडे सरकवला की एक ओळ मोडते आणि दुसरी पुरी होते. अशी रचना जमली की प्रत्येक पाळीला समोरच्याचा एक खडा जातो. आजोबांना ही युक्ती ठाऊक असेल तर त्यांनी पहिल्या रविवारी ती वापरू नये, एवढी विनंती.

पांडवलेण्यांची सकाळ

आता पट सोडून बाहेर पडू. पांडवलेणी, म्हणजेच त्रिरश्मी लेणी, मुंबई-आग्रा महामार्गालगत शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहेत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पावसाळ्यात डोंगर हिरवागार असतो पण पायऱ्या निसरड्या होतात, आणि एप्रिल-मे मध्ये सकाळी नऊनंतर कातळ तापू लागतो. लेणी उघडण्याच्या वेळेलाच पायथ्याशी पोचावे. लहान मुले आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर चढायला विसावे घेत अर्धा तास धरावा. ज्यांना पायऱ्या झेपणार नाहीत त्यांच्यासाठी पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारकाचे आवार आणि बुद्धविहार आहे, तिथे सावलीत बसता येते. पाणी भरपूर, पण खाणे कमी न्यावे. वर माकडे असतात आणि पिशवीचा आवाज त्यांना आपल्या आधी ऐकू येतो. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत आणि १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नाही.

एकूण लेणी २४ आहेत. सगळी दाखवण्याचा आग्रह धरला तर दहाव्यानंतर मुले कंटाळतात, म्हणून तीनच निवडावीत: क्रमांक १८, ३ आणि १०. अठरावे चैत्यगृह आहे, म्हणजे आत स्तूप असलेले प्रार्थनास्थळ. बाकीची बहुतेक विहार, म्हणजे भिक्षूंची राहण्याची जागा. तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागाखाली यक्ष खांद्यावर भार पेलून उभे आहेत, जणू अख्खे लेणेच ते उचलून निघाले आहेत. या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केला, असे ती त्यात अभिमानाने नोंदवते. आणि हे क्षहरात कोण, याचे उत्तर चालत काही पावलांवरच मिळते, कारण दहावे लेणे क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतले आहे.

या दहाव्या लेण्यासमोर जरा जास्त वेळ काढावा. उषवदाताच्या एका लेखात त्याने गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघांकडे, ठेवलेल्या ठेवींचा हिशेब आहे. गोवर्धन म्हणजे आजचे गंगापूरजवळचे गाव. एका श्रेणीकडे २,००० कार्षापण (त्या काळचे नाणे) दरमहा शेकडा एक या व्याजाने ठेवले आणि दुसरीकडे १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून या लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यातल्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी मिळावेत, अशी सोय आहे. मुलांना वही-पेन्सिल देऊन हिशेब करायला लावावा. दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला शेकडा १२, २,००० वर वर्षाला २४०, आणि २० भिक्षूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा हिशेब दगडावर चोख जुळतो. बँकेतून निवृत्त झालेले कोणी घरात असतील तर त्यांना इथे बोलू द्यावे.

मग पट शोधायला निघावे. मुलांना ओसऱ्यांच्या आणि मोकळ्या कातळाच्या जमिनीकडे पाहत चालायला सांगावे आणि ज्याला आधी खळगे किंवा चौकट दिसेल त्याने ती कोणता खेळ असावा हे ओळखायचे. समोरासमोरच्या खळग्यांच्या ओळी हा मंकला प्रकारचा पट असतो, त्यात बिया एकेका खळग्यात पेरत पुढे जायचे असते. हे पट लेणी खोदणाऱ्यांनीच कोरले असे मुलांना सांगू नये. लेणी तयार झाल्यावर शेकडो वर्षे तिथे माणसांची ये-जा होती आणि पावसाच्या झडीत अडकलेल्या कोणीही ते कोरलेले असू शकतात. रेघा ठळक दिसाव्यात म्हणून त्यात खडू भरणे, पाणी ओतणे किंवा दगडाने घासणे पूर्णपणे टाळावे. तिरप्या उन्हात त्या आपोआप उठून दिसतात, लवकर पोचण्याचे हेही एक कारण. कागदावर चित्र काढून घ्यावे आणि घरी आल्यावर तोच पट मांडावा.

गोदाकाठ आणि जुने नाशिक

पुढचा रविवार शहरासाठी. गाडी घरीच ठेवून सिटीलिंक बसने किंवा रिक्षाने पंचवटी कारंजापर्यंत यावे, कारण जुन्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ जाते. सिंहस्थापूर्वीच्या काळात घाटावर कामे चालू असतात, तेव्हा कोणता रस्ता खुला आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्यावे. रामकुंडावर सात वाजता पोचले की घाट जागा झालेला असतो, पण गर्दी नसते.

इथेही मुलांच्या हाती एक काम द्यावे: नाशिकची पूरपट्टी शोधणे. गोदावरीला पूर आला की नाशिककर किती घनफूट पाणी सोडले हे नंतर विचारतात, आधी विचारतात ते घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी आले ते. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, अशी ती मोजणी चालते. त्यापुढचे माप जवळच्याच नारोशंकर मंदिराच्या घंटेचे. हे मंदिर १७४७ मध्ये नारोशंकर राजेबहादूर यांनी बांधले, आणि त्याच्या तटावरची भली मोठी घंटा १७३९ मधल्या वसईच्या विजयाची खूण आहे. मुलाला मारुतीच्या पायाशी उभे करून घंटेकडे बोट दाखवावे, म्हणजे तिथवर पाणी पोचणे म्हणजे काय ते समजते. घरात ज्यांनी १९६९, २००८ किंवा २०१६ चा पूर पाहिला आहे त्यांनी आपली आठवण सांगायची जागा हीच.

तिथून काळाराम मंदिर दहा मिनिटांच्या अंतरावर आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी काळ्या दगडात बांधलेल्या या मंदिराची वास्तू तर पाहावीच, पण मोठ्या मुलांना २ मार्च १९३० ही तारीख इथेच सांगावी. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्याच्या आघाडीवर होते, आणि तो पुढे काही वर्षे चालला तरी दरवाजे उघडले नाहीत. हे सांगताना घाई करू नये आणि मुलांनी प्रश्न विचारले तर टाळू नयेत.

परत नदी ओलांडून सराफ बाजारात यावे. पेशवेकालीन सरकारवाडा, मग भांडी बाजार, तांबट गल्ली, असे रमतगमत रविवार कारंजापर्यंत जाता येते. जुन्या भागातल्या चढ-उतारांकडे लक्ष वेधावे. नाशिक नऊ टेकड्यांवर वसले असे सांगतात ते पायांना कळते. रंगपंचमीला उघडणाऱ्या रहाडींच्या, म्हणजे रंगाच्या हौदांच्या, जागाही याच भागात आहेत, एरवी त्या बंद असल्याने चौकातल्या कोणाला तरी विचारावे लागते आणि सांगणारा सहसा दहा मिनिटे सोडत नाही. साडेदहापर्यंत मिसळ गाठावी. मुलांसाठी रस्सा वेगळा आणि दही जास्त मागून घ्यावे.

अंजनेरीचा दिवस

पूर्ण दिवस मिळाला तर त्र्यंबक रस्त्याने जावे. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था असून तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. ते उघडे असल्याची खात्री निघण्यापूर्वी करून घ्यावी. पांडवलेण्यांतला व्याजाचा हिशेब ज्यांनी केला आहे त्यांना कार्षापण शब्द पुन्हा भेटतो तो इथे. जाताना गाडीत जोगलटेंभीची गोष्ट सांगावी: १९०६ मध्ये नाशिकजवळच्या या गावी नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, १३,००० हून अधिक नाण्यांचा, आणि त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा ठोकलेली होती. तिसऱ्या लेण्यात बलश्री जे शब्दांत सांगते ते इथे धातूवर उमटलेले आहे. आमच्या घरातल्या एका चिमुरडीने हे ऐकून विचारले होते की म्हणजे त्याने त्याची सोंगटी मारली का. मला याहून चांगले उत्तर सुचले नाही.

त्र्यंबकेश्वरी दुपारी लांब रांग असते, म्हणून दर्शन सकाळी घेऊन परतीच्या वाटेवर अंजनेरी करणे सोयीचे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५५ मध्ये, या मंदिराचे बांधकाम सुरू झाले. ज्यांना गर्दी नको त्यांनी उलट्या दिशेला सिन्नरचे गोंदेश्वर गाठावे. यादवकाळातले हे पंचायतन मंदिर प्रशस्त आवारात आहे, मुलांना मोकळे सोडता येते आणि ज्येष्ठांना चढ नाही.

घरी परतल्यावर खडे, चिंचोके आणि कवड्या एका जुन्या चिवड्याच्या डब्यात मोजून ठेवाव्यात. झाकणाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवून त्यावर प्रत्येक खेळाचे आपल्या घरात ठरलेले नियम लिहावेत, म्हणजे पुढच्या सुट्टीत मावसभावंडे आली की पहिला अर्धा तास वादात जाणार नाही.